दुसरा रिमोट

फेब्रुवारी उतरायला लागला की आमच्या संग्रामपूरकडे दोन आवाज एकदमच सुरू होतात. शिवारात हरभऱ्याचं मळणीयंत्र आणि घराघरांत पोरांचं घोकणं. यंत्रातून उडालेलं कुटार, तो बारीक भुसा, वाऱ्यावर गावात येतं, वळचणीला साचतं, उघड्या पुस्तकाच्या पानांवर बसतं. माझी मुलगी समीक्षा यंदा बारावीला आहे. ती दर तासाला रसायनशास्त्राचं पुस्तक फटकारते आणि पुन्हा उघडते. मी शेजारच्या खोलीत डाळ निवडत बसते. टीव्ही बंद, मोबाईलचा आवाज बंद, पाहुण्यांना ‘परीक्षेनंतर या’ असा निरोप. साऱ्या घरानं श्वास धरून ठेवलेला.

या दिवसांचा प्रत्येकाचा आपला एक वास असतो. कुणाला नव्या कंपासपेटीचा येत असेल, कुणाला पेपरला निघताना हातावर पडलेल्या दह्याचा. मला तापलेल्या प्लॅस्टिकचा येतो. सारी दुपार चालून गरम झालेल्या अ‍ॅडॉप्टरचा. पंचवीस वर्षं होऊन गेली त्याला. मुलीच्या चार्जरचा जरी तसा वास आला, तरी माझे दोन्ही अंगठे आपोआप हलायला लागतात. मी हात पदराखाली घेते.

मी मूळची जानेफळची. दहावीला शाळेत पहिली आले, तेव्हा बाबांनी मला पुढच्या शिक्षणासाठी बुलढाण्याला आत्याकडे ठेवलं. “पोरगी हुशार आहे, शिकू दे,” असं ते तेव्हा चारचौघांत छाती काढून म्हणत. हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते. पुढं ते जे बोलले तेवढ्यावरून त्यांना ओळखलं तर ते बरोबर होणार नाही. जो माणूस मुलीला एस.टी.त बसवून देताना तिची पेटी स्वतः टपावर चढवतो आणि गाडी वळेपर्यंत उभा राहतो, तोच माणूस दोन वर्षांनी ती पेटी खाली उतरवायलाही आला. माणसं दोन नसतात. एकच असतो.

आत्याचा मुलगा किशोर माझ्याच वर्गात होता, माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. दहावी पास झाल्याबद्दल आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, त्याला अकोल्याहून टीव्हीवर खेळायचा गेम आणून दिला होता. राखाडी डबा, त्यात खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं की आत हजारो गेम आहेत. प्रत्यक्षात वीस होते आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. गेम लागला नाही की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, ओढणीनं नाहीतर शर्टानं पुसायची आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा खोचायची. डब्याला दोन रिमोट. पहिल्यावर सुरू करायचं आणि थांबवायचं बटण होतं, दुसऱ्यावर ते नव्हतंच. दुसरा रिमोट ज्याच्या हातात, त्याला गेम सुरूही करता यायचा नाही आणि थांबवताही यायचा नाही. पहिल्यानं सुरू केला की खेळायचं, त्यानं थांबवला की थांबायचं.

दुसरा रिमोट माझा झाला, हे सांगायला नको. पण तोही लगेच नाही मिळाला. सुरुवातीचे महिनाभर मी नुसती बघायची. दुपारी कॉलेजातून आलं की आत्या झोपायची, किशोर टीव्हीसमोर बसायचा आणि मी मागं मेथी निवडत. एक उड्यांचा गेम होता. एक बुटका माणूस खड्ड्यांवरून, हलत्या फळ्यांवरून उड्या मारत पुढं जायचा. किशोर एका खड्ड्यात रोज पडायचा. रोज त्याच जागी. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

“थांब ना रे. ती दुसरी फळी मांगं येऊ दे, मंग उडी मार.”

“तुले काय समजते?”

“तीन मोज. एक, दोन, तीन. मंग मार.”

त्यानं चिडून रिमोट माझ्या मांडीवर टाकला. “घे. तूच मार.”

माझ्या बोटांना मेथीची हिरवी चिकट ओल होती. मी तशीच रिमोट धरला, तीन मोजले आणि उडी मारली. खड्डा ओलांडला. पुढचा ओलांडला. त्याच्या पुढचा, जो आम्ही दोघांनी कधी पाहिलाच नव्हता, तोही. नवं आभाळ लागलं, नवं वाजणं सुरू झालं. किशोर माझ्या शेजारी सरकून बसला होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

त्या दुपारी मला काय झालं ते मी पुढं कुणालाच नीट सांगू शकले नाही. पोहता येणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच पाण्यात टाकावं तसं ते होतं. मला आयुष्यात पुष्कळ गोष्टी कष्टानं आल्या. भाकरी आली, इंग्रजी आलं, सासरी मान खाली घालणं आलं. ही एक गोष्ट अशी होती की ती माझ्या हातांत आधीच होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुपारी आमच्या झाल्या. दोन सैनिकांचा एक गेम होता. जंगल, बंकर, वरून पडणाऱ्या गोळ्या. दोघांनी मिळून खेळायचा. त्यात एक धबधबा यायचा, खडकांवरून वर वर चढायचं. चढणाऱ्यांबरोबर पडदाही वर सरकायचा आणि जो मागं राहील तो पडद्याच्या खालच्या कडेला लागून मरायचा. किशोर फार घाई करायचा. सरसर वर जायचा आणि मी खाली मरायचे. “काऊन मांगं राह्यते?” असं मलाच वर विचारायचा. मी त्याला समजावून थकले, की तू पुढं गेलास म्हणून मी मेले. मग मी समजावणं सोडलं आणि त्याच्याहून आधी उडी मारायला शिकले.

बुलढाणा उंचावरचं गाव. एप्रिलातही दुपारी तिथं खिडकीतून बरी हवा यायची. लाईन गेली की खेळलेलं सारं जायचं, कारण त्या डब्याला काही लक्षात ठेवता यायचं नाही. आम्ही पंख्याकडे बघत पडून राहायचो आणि लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून.

असंच एकदा अ‍ॅडॉप्टर जळाला. तो दुरुस्त करायला आम्ही बसस्टँडमागच्या चाचांकडे गेलो. चाचांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढं टेबल, त्यावर पोटं उघडी टाकलेले टीव्ही. मागच्या खोलीत त्यांनी गेम पार्लर काढलं होतं. तिथं आमच्यासारखा डबा तर होताच, शिवाय सीडीवर चालणारी दोन नवी मशीनं होती. त्यांच्यावर फुटबॉलच्या खेळाडूंना चेहरे असायचे आणि सैनिक पळताना त्यांच्या बुटांचे आवाज यायचे. पोरं तासावर खेळायची. मुली तिथं जात नसत.

मी मागं गेले नाही. मी चाचांच्या टेबलापाशीच थांबले आणि त्यांनी अ‍ॅडॉप्टर उघडल्यावर विचारत सुटले. ही तार कशाची, ही का जळली, दोनशे तीस व्होल्टचे नऊ कसे होतात. चाचा आधी हसून उत्तरं देत होते, मग हसायचे थांबले. गरम सळई माझ्या हातात दिली, तारेला कथलाचा डाग कसा द्यायचा ते दाखवलं. मी दिला. अ‍ॅडॉप्टरवरचा दिवा लागला.

“बेटी,” चाचा म्हणाले, “तू इंजिनियर बन जा. ये काम तेरे हात में है.”

मी ते घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. इलेक्ट्रॉनिक्स. एवढा एकच शब्द, तीन वेळा.

बारावीची परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. एप्रिलात चाचांनी दुकानावर कागद चिकटवला, की जोडीजोडीच्या गेम स्पर्धा आहेत. तीन फेऱ्या. पहिली नव्या मशीनवर फुटबॉल, दुसरी जुन्या डब्यावर उड्यांची, शेवटची दोन सैनिकांची. किशोरचा जोडीदार ठरला होता, तो ऐन वेळी मामाच्या गावी गेला.

“वंदे, तू चाल,” किशोर म्हणाला.

“मी कशी येऊ? तथी सारे पोट्टेच राह्यतात.”

“मी आहो ना. तुह्याबिगर मी पहिल्याच फेरीत भायेर जाईन.”

“कोनी काही म्हटलं तं?”

“म्हटलं ना, मी आहो. मी सांगीन, मीच आनलं म्हनून.”

हे शब्द मी बदललेले नाहीत. असेच होते.

आम्ही दुपारी गेलो. मी दोन्ही खांद्यांवर ओढणी पिनांनी पक्की केली होती. मागच्या खोलीत पंचवीस-तीस पोरं, घामाचा वास, एकच पंखा. पुढच्या पोरांनी पाय आखडून मला वाट दिली. चाचा खुर्ची घेऊन आले, फडक्यानं पुसून माझ्यासाठी ठेवली. बाकी सारे जमिनीवर. फुटबॉलमध्ये माझे हात थोडे अडखळले, ते मशीन मला नवं होतं, पण गोलापाशी मी उभी राहिले आणि किशोर पुढं पळाला. एका गोलानं निघालो. उड्यांच्या फेरीत काही प्रश्नच नव्हता. मी रिमोट धरल्यापासून ठेवेपर्यंत खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

सैनिकांच्या फेरीत किशोर धबधब्यावरच संपला. त्याचे सगळे जीव गेले. पुढचं सारं मी एकटीनं केलं. बर्फ, कारखाना, ती शेवटची गुहा. मी पडद्याकडे बघत होते, पण मला कळत होतं की पोरं उठून माझ्यामागं येऊन उभी राहिली आहेत. शेवटचा स्फोट झाला. मग मागून एकजण ओरडला, “पोट्टी बे! पोट्टीनं केलं!” आणि साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात टिंगल नव्हती. मी ऐकलंय, नव्हती. त्या तीस पोरांनी त्या दिवशी मला जे दिलं ते पुढं कुठल्याच माणसांच्या खोलीनं दिलं नाही.

चाचांनी एक पितळी रंगाचा कप दिला. दोघांत एक. त्यांनी त्यांच्या कॅमेऱ्यानं आमचा फोटो काढला. किशोरच्या हातात कप, माझ्या हातात रिमोट, मी दात दिसतील इतकी हसलेली. तो फोटो धुऊन आल्यावर त्यांनी कौतुकानं दुकानाच्या काचेवर आतून लावला. बसस्टँडकडे तोंड करून.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जानेफळचा कोणी एक माणूस गाडीची वाट बघत चाचांच्या दुकानासमोर उभा होता. त्यानं फोटो पाहिला. एवढंच. त्याला काही वाईट करायचं नसेल. त्यानं फक्त गावी जाऊन सांगितलं.

बाबा सकाळच्या गाडीनं आले. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. चपला न काढता बैठकीत उभे राहिले. खिशातून फोटो काढला. काचेवरून ओढून आणल्यानं त्याचा एक कोपरा फाटला होता.

“हे काय होय?” ते मला म्हणाले.

“स्पर्धा होती, बाबा. आम्ही जिंकलो.”

“बसस्टँडवर फोटो लागला माह्या पोरीचा. येनारे-जानारे पाहून राह्यले. अन् थे म्हनते जिंकलो.” त्यांचा आवाज मोठा नव्हता. बाबा रागात हळू बोलत. ते किशोरकडे वळले. “किशोर, तू नेलं का इले तथी?”

किशोर कपाटाला टेकून उभा होता. कपाटावर तो कप होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला भीती वाटत नव्हती, कारण त्यानं काय सांगायचं ते आमचं ठरलेलं होतं.

“नाही, मामा,” किशोर म्हणाला. “मी मना करत होतो. थे आइकेच ना. मंग एकटी कशी जाऊ द्याची म्हनून मी संग गेलो.”

आत्या म्हणाली, “बाई बाई.” बाबांनी फोटोचे दोन तुकडे केले, मग चार. खाली टाकले नाहीत, खिशात घातले. मग मला म्हणाले, “सामान बांध.”

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. खोटं बोलतोय म्हणून सांगायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी ते वाक्य दर उन्हाळ्यात मनात बोलते आणि दर वेळी अधिक चांगलं बोलते. त्या दिवशी मी आत गेले आणि कपड्यांच्या घड्या घातल्या.

निकाल लागला. गणितात आणि पदार्थविज्ञानात वर्गात सगळ्यांत जास्त गुण माझे. किशोरहून खूप जास्त. दहावीपर्यंत माझ्या वर्गात प्रज्ञा होती, आमच्या जानेफळच्याच शाळेतल्या गुरुजींची मुलगी. तिला अभियांत्रिकीला अमरावतीला घालायचं त्यांच्या घरात आधीच ठरलं होतं. गुरुजी स्वतःहून आमच्याकडे आले. ओट्यावर बसले.

“पाटील,” ते बाबांना म्हणाले, “वंदनाचा फॉर्म मी प्रज्ञासंगच भरतो. दोघी एका खोलीत राह्यतीन. असे मार्क वाया नका घालू.”

“चहा घ्या, गुरुजी,” बाबा म्हणाले.

गुरुजींनी चहा घेतला. पुन्हा विषय काढला. बाबांनी पिकाचं विचारलं. गुरुजी थोडा वेळ बसून उठले. ते फाटकाबाहेर गेल्यावर बाबा आईला म्हणाले, “आता हे शिकवतीन आपल्याले.” आईनं गुरुजींचा कप उचलला, वेगळा विसळला आणि वेगळ्या कोनाड्यात ठेवला. ज्यांच्या कपाला आमच्या घरात वेगळा कोनाडा होता, त्यांची मुलगी इंजिनियर झाली. आम्ही आमची उंची सांभाळली.

पुढच्या मार्चमध्ये माझं लग्न झालं. त्या साली बारावीला बसलेली पोरं पेपरला जात होती आणि आमच्या मांडवाचा भोंगा त्यांच्या अभ्यासात वाजत होता. संग्रामपूरकडचं घर, बागायत शेती, नवरा. माणूस वाईट नाही. आमच्याकडे बाईनं नवऱ्याबद्दल हे वाक्य म्हटलं की त्यात सारं येतं आणि ऐकणारी पुढं विचारत नाही.

किशोर पुण्याला शिकला. कॉम्प्युटरचं शिकला आणि मग गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. ती बातमी आली तेव्हा मी माहेरी होते. बाबा जेवायला बसले होते, मी वाढत होते. “पोट्ट्यानं नाव काढलं,” बाबा म्हणाले. “लहानपनापासून नाद होता त्याले त्या गेमचा.” मी त्यांच्या ताटात वरण वाढलं. त्यांना आठवत नव्हतं का? आठवत असणार. फक्त त्यांच्या मनात ती दोन वेगळी प्रकरणं होती. एक नाव काढण्याचं, एक नाव घालवण्याचं. खोली तीच, मशीन तेच, दुपार तीच. बाबा आता नाहीत. मला त्यांना शेवटपर्यंत हे विचारता आलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय उत्तर ऐकणार होते.

गेल्या आठवड्यात किशोर आला. शेगावकडं एका लग्नाला आला होता, वाकडी वाट करून आमच्याकडे जेवायला. अंगानं सुटलाय, केस विरळ झालेत, बोलणं बरंचसं पुण्याचं झालंय. समीक्षासाठी त्यानं गेमचं नवं कोरं मशीन आणलं होतं, त्याच्याच कंपनीचा खेळ असलेलं. “परीक्षा झाल्यावर खेळायचं,” असं म्हणाला आणि मग त्यालाच धीर निघाला नाही. त्यानंच डबा उघडला, त्यानंच तारा जोडल्या.

जेवताना समीक्षानं त्याला विचारलं, “मामा, तुम्हाला हे सुचलं कसं? बुलढाण्यात राहून?”

तो खुलला. पिवळी कॅसेट सांगितली. फुंकर मारणं सांगितलं. चाचांचं पार्लर सांगितलं. हे त्यानं पूर्वीही पुष्कळदा सांगितलं असणार, कुठं हसू येतं ते त्याला पाठ होतं. “आणि तिथं स्पर्धा होती. आम्ही जिंकलो. मी आणि माझा एक मित्र होता. काय खेळायचा तो! मी धबधब्यावर मेलो आणि त्यानं एकट्यानं शेवटपर्यंत नेलं. त्या दिवशी मी ठरवलं, की आयुष्यात हेच करायचं.”

माझ्या हातात पोळी होती.

“नाव काय होतं त्या मित्राचं?” समीक्षानं विचारलं.

किशोर विचारात पडला. खरोखर विचारात पडला, कपाळाला आठी घालून. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला त्यात कुठं लपवाछपवी दिसावी म्हणून जीव टाकत होते. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. पण तिथं काही नव्हतं. तो आठवत होता आणि त्याला आठवत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला आणि इतक्या वर्षांनी आपल्या बोलीत, मायेनं म्हणाला,

“वंदे, तुले आठवते का गं? तू तं तवा आमच्याकडंच होती. काय नाव होतं त्या पोट्ट्याचं?”

“नाही बा,” मी म्हटलं. “पोळी घे.”

जेवणं झाल्यावर त्यानं टीव्हीवर सैनिकांचा खेळ लावला. आता सैनिक खरे दिसतात, त्यांच्या कपाळावर घाम दिसतो. समीक्षा थोडी खेळली. मग किशोर हसत मला म्हणाला, “तू पण बघ एकदा.” मी रिमोट हातात घेतला. मला वाटलं, आत्ता कळेल याला. मला खरंच तसं वाटलं. पण त्याला कितीतरी बटणं होती, पुढं, वर, खाली, दोन फिरणाऱ्या दांड्या. एका दांडीनं चालायचं आणि दुसरीनं बघायचं. माझा सैनिक आभाळाकडे बघत गोल गोल फिरला, भिंतीला धडकला आणि मिनिटभरात मेला. सारे हसले, माझा नवराही. किशोरनं माझ्या हातातून रिमोट हळूच काढून घेतला. “जाऊ दे, वंदे. हे तुझं काम नव्हे.”

मी चहा ठेवायला आत गेले. गॅस पेटवला आणि भांड्यात पाणी घालायचं विसरले.

समीक्षाला शिकवायचं हे आमच्या घरात ठरलेलं आहे. ती म्हणेल ते, म्हणेल तिथं. त्यासाठी मला कुणाशी भांडावं लागलं नाही. तिच्या बापानं एका शब्दात हो म्हटलं. मी आनंदी व्हायला हवं, आणि आहेही. पण खरं लिहायला बसलेय म्हणून लिहिते, की कधीकधी ती पुस्तक फेकून ‘कंटाळा आला’ म्हणते, तेव्हा मला तिचा इतका राग येतो की मी उठून अंगणात जाते. आईला मुलीचा हेवा वाटतो, हे कुठल्याच ओवीत नसतं. मला वाटतो.

आज तिचा पहिला पेपर होता. तिला गाडीवर सोडायला मीच गेले. केंद्राच्या फाटकापाशी गर्दी. कुणी शेवटची पानं चाळतंय, कुणी देवाचा अंगारा लावतंय. ती आत गेली, वळून तिनं हात केला. फाटक लागलं. आम्ही काही आया समोरच्या कडुनिंबाखाली पारावर बसलो, पेपर सुटेपर्यंत थांबणाऱ्या. शेजारी एक बाई होती, हातात पाण्याची बाटली, बोलकी. तिनं मुलाचं सांगितलं, मी मुलीचं सांगितलं.

“ताई, तुम्ही किती शिकल्या?” तिनं विचारलं.

“बारावी. सायन्स.”

“पास?”

“हाव. गणितात वर्गात पहिली होती मी.”

“अगं बाई! मंग पुढं काऊन नाही शिकल्या?”

या प्रश्नाची उत्तरं माझ्याजवळ तयार असतात. घरी जमलं नाही. लग्न झालं. तवा पोरींना कोण शिकवत होतं. ती मी सासरी दिली आहेत, शाळेच्या पालकसभेत दिली आहेत, मुलीलाही दिली आहेत. आज ती तोंडात आलीच नाहीत.

“मी व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत पहिली आली होती,” मी म्हटलं. “म्हनून.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मांडीवर हात मारून जोरात हसली. पलीकडच्या बाईला कोपरानं ढोसलं. “आइकलं का वं, ह्या काय म्हनतात? गेममधी पहिल्या आल्या म्हनून शाळा सुटली म्हने!” तीही हसली. आणखी दोघी वळल्या, त्यांना सांगितलं गेलं, त्याही हसल्या. परीक्षेच्या फाटकाबाहेर बसलेल्या बायकांना हसायला काहीतरी हवंच असतं.

हसता हसता तिचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं, आणि ती हळूहळू हसायची थांबली.